अयामगाचं ऊबघर

अयामगाला मी उभ्या हयातीत कधी नावाने हाक मारली नाही. 'कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या' म्हणूनच हाक मारायची, आणि त्याने मला त्याहून घाण शिवी हासडायची. यात भांडणबिंडण काही नाही. तो फ्राफ्रा, मी दगाबा. आमच्या दोन जमातींत चेष्टेचं नातं आहे, पणज्या-खापरपणज्यांपासूनचं. त्यांच्यात कुणी गेलं तर मी मयताच्या घरी जाऊन बिनदिक्कत प्रेताशेजारी आडवा होतो आणि म्हणतो, "याच्या वाटणीचं कुत्र्याचं मुंडकं मला द्या, तरच उठतो." रडणाऱ्या बायका तोंड दाबून हसायला लागतात. यात रागवायचं नाही, हा एक नियम. दुसरा असा की चेष्टेच्या माणसाचं बोलणं कुणी खरं धरायचं नाही. हा दुसरा जरा ध्यानात असू द्या.

मी शिंपी. बोंगो गावच्या बाजाराच्या कडेला माझं मशीन, आणि तिथे बसलं की साऱ्या पंचक्रोशीच्या बातम्या चिंध्यांसारख्या पायाशी येऊन पडतात. समोर गोरखचिंचेखाली अयामगा गवताच्या टोप्या विणायचा. वीण अशी घट्ट की टोपीतून पाणी प्यावं. त्याची बायको अविनपोका शेजारीच ज्वारीची दारू विकायला बसायची. तिच्या आईने लग्नात दिलेलं काळंभोर मडकं होतं, त्यात ती दारू शिजवायची. मी तुंबा पुढे केला की म्हणायची, "थांबा शिंपीदादा, तळाचा गाळ खास दगाबांसाठी राखून ठेवलाय."

त्यांची दोन लेकरं गेली. पहिलं रांगायच्या आधी, दुसरं नुकतं उभं राहू लागलं तेव्हा. दुसऱ्याच्या मातीला तिचा बाप आला, म्हातारा अनाफो, आणि जाताना लेकीला घेऊन गेला. अंगणात सगळ्यांदेखत जावयाला म्हणाला, "तुझ्या घरात काही जगत नाही."

आमच्याकडे रुसलेली बायको आणायला जावई सासऱ्याकडे गिनी कोंबड्या आणि कोलाची फळं घेऊन जातो. अयामगाही गेला. बाजारातल्या चांगल्या टंच कोंबड्या नेल्या होत्या. म्हाताऱ्याने कोला ठेवून घेतला, कोंबड्या परत केल्या.

"बाजारातल्या नकोत. तुझ्या घरात अंड्यातून निघालेल्या, तुझ्या हाताने वाढलेल्या आण. त्या जगल्या तर पोर पाठवतो."

मी ऐकलं तेव्हा म्हटलं, म्हातारा पक्का आहे. 'नाही' हा शब्द तोंडातून न काढता नाही म्हणाला. गिनी कोंबडीचं पिल्लू म्हणजे मरायला टपलेला जीव. पाय ओले झाले की मेलं, वारा लागला की मेलं, कधी कधी नुसतं कंटाळून मेल्यासारखं मरतं.

अयामगाने पहिली अंडी साध्या कोंबडीखाली उबवली. पिल्लं निघाली, आणि ती बया त्यांना घेऊन दवातल्या गवतात मिरवायला निघाली. तिची स्वतःची असती तर टिकली असती. ही एकेक करून गवतातच बसली ती उठलीच नाहीत. अयामगाने ती टोपीत गोळा केली आणि टोपीसकट पुरली.

"कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या," मी म्हणालो, "एवढ्याशा पिल्लाला टोपी मोठी झाली रे."

"तुझ्या आजोबाला याहून मोठी लागली होती," तो म्हणाला. तेव्हा अजून उलट बोलत होता.

दुसऱ्या खेपेला त्याने ठरवलं, कोंबडीवर विसंबायचं नाही. पिल्लं निघाल्याबरोबर काढून घ्यायची आणि ऊबघरात ठेवायची. ऊबघर मांडलं अविनपोकाच्या खोलीत, कारण घरातली तेवढीच जमीन कोरडी. गुडघाभर उंचीची गोल भिंत लिंपली. कोपरा ठेवला नाही, कारण थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली भुईमुगाची कुटलेली टरफलं, कारण गुळगुळीत जमिनीवर त्यांचे पाय फाकतात. पाण्याच्या परळात खडे, बुडू नयेत म्हणून. पिल्लांच्या खाण्यासाठी वाळवी गोळा करायला शेण भरलेली गाडगी वारुळांवर पालथी घातली. आणि मधोमध निखाऱ्यांवर पालथं मडकं, पोटाला भोकं पाडलेलं, म्हणजे ऊब बाहेर येईल आणि पिल्लू आगीत पडणार नाही.

सगळं बरोबर होतं. फक्त मडकं टिकेना. बाजारातलं नवं मडकं आणलं, ते तडकलं. दुसरं आणलं, त्याचे दोन तुकडे झाले. पिल्लं निघालेली, बाहेर झड लागलेली, आणि ती राखेभोवती दाटीवाटीने गोळा होऊन चिरकत होती. दोन-तीन गेलीही. वर्षानुवर्षं आगीवर राहून पोलाद झालेलं मडकं घरात एकच होतं.

मी गेलो तेव्हा तो खिळा आणि दगड घेऊन त्या काळ्या मडक्याला भोकं पाडत होता. हळूच, कान टोचतात तसं.

आता आमच्याकडे बाई वारली की तिचं मडकं अंगणात आणून फोडतात. त्याशिवाय ती गेली असं धरत नाहीत. म्हणून मी म्हणालो, "वा! जित्या बायकोचे दिवस घातलेस की! रडायला बसू का मी? मुंडकं कुणाकडे मागायचं?"

"फोडतोय कुठे? भोकं पाडतोय. दगाबांना मडक्यातलं काय कळतं, तुम्ही तर चपलेत शिजवता."

हसला. मीही हसलो. चेष्टेच्या माणसाचं बोलणं कोण खरं धरतो?

आणि पिल्लं जगली! मडक्याभोवती गोल करून झोपायची, ना चिकटून ना लांब, म्हणजे ऊब नेमकी. अयामगा येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आत न्यायचा. "बघ, बघ, पाय बघ कसे लालबुंद आहेत." टोप्या विणणं बंदच. पंखांवर ठिपके आले तेव्हा त्याने मला दारू पाजली, आणि ही बातमी सासुरवाडीच्या गावाला जाणाऱ्या बायकांजवळ मी दिली, आणखी कोण देणार? "जगल्या म्हणावं. अयामगाच्या घरात जगल्या."

पुढच्या बाजाराच्या दिवशी अविनपोकाच आली. डोक्यावर गाठोडं. नुसतं बघायला येणारी बाई गाठोडं आणत नाही, एवढं अयामगालाही कळलं. तो वेड्यासारखा अंगण झाडायला लागला. मीही मशीन सोडून तिथे पोचलो होतो.

"शिंपीदादा, अजून जिवंत?" ती म्हणाली.

"तुझ्या गाळावाचून मरत होतो, वहिनी."

ती खोलीत गेली. एक पिल्लू उचलून गालाला लावलं. मग तिची नजर मधोमध गेली.

"हे माझं ना?"

"नवी तडकत होती," अयामगा म्हणाला. "गारठून मरत होती गं."

"कोण गेलं होतं या घरात, मडकं फोडायला?"

"फोडलं नाही. भोकं—"

"पाणी राहतं त्यात?"

तो निखारे सारखे करायला लागला.

"राहतं का, विचारतेय."

"नाही."

तिने पिल्लू खाली ठेवलं, भिंतीच्या आत, जपून. "दोन्ही लेकरं इथं गेली. तरी मनात म्हणायचे, मी आहे अजून. तू मलाही पोचवून आलास."

आता हे माझं काम होतं. अशा वेळी हसवायचा हक्क साऱ्या गावात फक्त माझा. मी दारात आडवा पडलो. "मेलेली बाई एवढं बोलते? मुंडकं द्या आधी, नाहीतर वाट सोडत नाही!" तिने खाली माझ्याकडे पाहिलं. ओठ हलला नाही. मला ओलांडून गेली. गाठोडं सोडलंसुद्धा नव्हतं.

कोंबड्या मोठ्या झाल्यावर अयामगा त्या सायकलला उलट्या टांगून सासऱ्याकडे गेला. अनाफोने पाणी दिलं, बसायला दिलं. पंख चाचपून बघितले. म्हणाला, "छान वाढवल्यास. खोटं बोलणार नाही, मला वाटलं नव्हतं. पण गेलेल्या मुलीसाठी मागणं घेत नाहीत आमच्यात."

"ती आत बसलीय. ज्वारी निवडतेय. मला दिसतेय."

"मलाही दिसतेय," म्हातारा म्हणाला.

कोंबड्या परत आल्या. त्याने विकल्या नाहीत, कापल्याही नाहीत, सोडून दिल्या. आता त्या गोरखचिंचेवर बसतात आणि दिवसभर करवतीसारख्या ओरडतात. खाली तो टोप्या विणतो. वीण सैल झालीय, पाणी ओतलं तर सरळ पायावर येईल.

परवा मी मशीनवरून ओरडलो, "अरे कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या!"

त्याने वर पाहिलं. शिवी शोधत असेल म्हणून मी थांबलो.

"हो," तो म्हणाला, आणि पुन्हा विणायला लागला.