संध्याकाळची गोळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. पोरीला नाय, पाठच्या भावाला नाय. एका माणसाला सांगितलं, तेही आत्ता परवा — ते शेवटी येईल. आधी तुम्ही ऐका. तुम्ही माझे कोण? कोणी नाय, म्हणूनच बरं. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की तो पाठीवर हात ठेवतो. तो हात मला नको हाय.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. लिहिताना चुकेल, तर चुको.

मी मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होतो. सगळा जन्म कढईपुढं गेला. बायको इकडं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावात. शेती, म्हस, माझे आईबाप, पोरगी — सगळं तिच्या अंगावर. मी गणपतीला यायचो, शिमग्याला यायचो, मे महिन्यात यायचो. आमच्याकडच्या बायकांचा संसार असाच. नवरा म्हंजे बॅग घेऊन येणारा पाहुणा. रिटायर होऊन कायमचा आलो तेव्हा वाटलं, आलो बाबा घरी. पण घर माझ्यावाचून चालायला शिकलं होतं. विळा कुठं ठेवलाय, कुठल्या वाफ्याला पाणी कुठनं — मी विचारायचो, ती सांगायची. माझ्याच घरात.

तिचं नाव शेवंती.

आणि कुंपणाच्या पलीकडं गणपत. एसटीत कंडक्टर होता. ड्युटी करून घरी परत येणारा माणूस — तोच फरक. माझ्या बापाला झटका आला तेव्हा महाडला नेला तो त्यानं. म्हस अडली तेव्हा डॉक्टर आणला तो त्यानं. मी मुंबईत वडे तळत होतो. तो माझ्याहून लहान, म्हणून शेवंती त्याला भावजी म्हणायची. त्याची बायको हिच्या बहिणीसारखी. ती वारली तरी येणंजाणं तसंच राहिलं. तिच्या मनात काय नव्हतं. त्याच्याही नव्हतं. हे मी आज शहाणा होऊन सांगत नाय, तेव्हाही मला माहीत होतं. माहीत असून जळत होतो — मग त्याला काय म्हणायचं?

गणपतच्या छातीत स्प्रिंग टाकलेली. रक्तवाहिनी चरबीनं चोंदली होती, मुंबईला नेऊन ती फुगवून आत स्प्रिंग बसवली. त्या दिवसापास्नं हा अर्धा डॉक्टर. शाळेत रक्त तपासायचं शिबिर लागलं तेव्हा घरोघर फिरला, बायकांना हाकून नेल्यासारखं नेलं. शेवंतीच्या रक्तात चरबी निघाली. कोलेस्ट्रॉल — त्यातलं वाईट जे असतं ते, भरपूर.

मी हसलो. अंगानं सुकटीसारखी बाई, हिच्यात चरबी कुठली? म्हटलं, मशीन बिघडली असेल. पण महाडच्या डॉक्टरनं सांगितलं, अंगावर दिसते ती चरबी वेगळी आणि रक्तातली वेगळी, घराण्यातनं येते. शेवंतीचा बाप नांगर धरून उभा होता तो तिथंच बसला. तिचा थोरला भाऊ पन्नाशीही न गाठता तसाच गेला. डॉक्टरनं रोज संध्याकाळी जेवल्यावर एक गोळी दिली, तळलेलं कमी करा म्हणाला, चाला म्हणाला.

झालं. सकाळी गणपत पुढं आणि चार बायका मागं, डांबरी रस्त्यानं चालायला. आणि संध्याकाळी कुंपणावरनं त्याचा आवाज —

“वयनी, गोळी घेतली काय?”

“घेतली हो भावजी. तुमची?”

“ही काय, हातात हाय.”

एवढंच. रोज एवढंच. तुम्ही म्हणाल, यात जळण्यासारखं काय? मी पण तेच म्हणायचो. पण तो आवाज यायच्या आधी ती पदर सारखा करून पडवीत येऊन बसायची. वाट बघायची. माझी कधी अशी वाट बघितली असेल का हिनं? शिमग्याला एसटी यायची तेव्हा बघत असेल. मी गाडीत असायचो, मला कसं दिसणार?

मला एकच गोष्ट येते. तळणं. माझ्या हातचे वडे खायला कँटीनमध्ये रांग लागायची. एका रविवारी कोंबडी आणली, मसाला पाट्यावर वाटला, वडे थापले, टम्म फुगवून काढले. ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं वडा एका बोटानं बाजूला सारला आणि टोपलीतली भाकरी घेतली. म्हणाली, “गणपत भावजी म्हणाले, तळलेलं बेतानं खा. तुम्ही खा ना. छान झालेत.”

न खाता छान झालेत.

मी ते सगळे वडे खाल्ले. पोट दुखेपर्यंत खाल्ले.

पुढं शिमगा झाल्यावर परत रक्त तपासायचं होतं. तिनं महाडला जाऊन रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी घरी पाव्हणे, म्हणून रिपोर्ट घेऊन डॉक्टरला दाखवायला मी एकटा गेलो. डॉक्टर खूश झाला. म्हणाला, चरबी चांगली खाली आली, पण ही गोळीमुळं आली, गोळी सोडली की परत चढेल. त्यांच्या घराण्याचं बघता ही कायमची, बंद करायची नाय, आजोबा, नीट सांगा त्यांना.

मला नीट समजलं. शिक्षण कमी, त्यामुळं समजलं नाय — असं मी कुणाला म्हणू देणार नाय. सगळं समजलं होतं.

गाडीतनं उतरून घराकडं आलो तर शेवंती कुंपणापाशी. पलीकडं गणपत. काहीतरी बोलून ती हसत होती, पदर तोंडाला लावून. मी लांबनं बघितलं. घरात हाक मारली. आणि तोंडातनं आलं —

“डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगला आला. कोर्स पुरा झाला. गोळी बंद.”

ठरवून आलो होतो का? गाडीत ठरवलं होतं का? नाय. पण बोललो तेव्हा जीभ अडखळली पण नाय.

तिचा चेहरा बघायला पायजे होता तुम्ही. “म्हंजे मी बरी झाले?” म्हणाली. आमच्याकडं औषध म्हंजे तापाचं औषध. ताप उतरला की बाटली फेकायची. त्यामुळं तिला खोटं वाटलं नाय. शिवाय मी मुंबईत राहिलेला माणूस. आणि तिच्यासाठी मी एकटा डॉक्टरकडं गेलो, याचंच तिला केवढं कौतुक. त्या रविवारी माझ्या हातचे वडे मागून खाल्ले तिनं. मी समोर बसून बघत होतो. एवढं सुख मला जन्मात झालं नव्हतं. हे पण लिहितो, कारण ते खरं हाय.

पण गणपत विचारणार. म्हणून दुसरं खोटं बोललो. तिला म्हटलं, “त्याला सांगू नको. तुझी सुटली आणि त्याची जन्माची, मन खट्टू होईल बिचाऱ्याचं. विचारलं की घेतली म्हणायचं.”

तिला पटलं. तिचा स्वभाव तसा, दुसऱ्याचं मन राखणारा. मी तोच स्वभाव वापरला. मग संध्याकाळी हाक आली की ती म्हणायची, “घेतली हो भावजी,” आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची. मी हसायचो. ती त्याच्याशी खोटं बोलते आणि माझ्याशी खरं — एवढंच मला पायजे होतं. ते मिळालं. पावसाळा गेला, भात कापून झालं, रोज संध्याकाळी मिळत राहिलं.

वालाच्या दिवसांत ती शेंगा काढायला शेतात गेली होती. पोरगी जावयासोबत येणार म्हणून मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची होती. ती बांधावर बसली आणि म्हणाली, छातीत आवळतंय. मी हाक मारली ती — गणपतलाच मारली. दुसऱ्या कोणाला मारणार? तो धावला, त्यानं रिक्षा आणली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाटाचा उतार संपायच्या आत ती गेली. वेणीत वालाचं पान अडकलेलं.

रिक्षात गणपतनं विचारलं, “दादा, गोळ्या चालू होत्या ना?”

मी म्हटलं, “होत्या.”

दवाखान्यात डॉक्टरनंही विचारलं. गणपत शेजारी उभा. मी म्हटलं, चालू होत्या. डॉक्टर म्हणाला, कधी कधी गोळी चालू असूनही होतं. मला तेवढं बरं वाटलं. लाज वाटण्याच्या आधी बरं वाटलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसलेले, पण खाली येईनात. मी पुढं होऊन म्हटलं, पोरीला अंतर देणार नाय. नाय शिवला. म्हस विकणार नाय. नाय शिवला. उन्हं वर आली. मला माहीत होतं काय बोलायला पायजे. तिथं सगळा गाव उभा होता. मी दर्भाकडं बघत राहिलो. मग गणपत पुढं आला, हात जोडले, रडत म्हणाला, “वयनी, दादाला मी एकटं पडू देणार नाय.” आणि कावळा उतरला.

तिथंसुद्धा मी जळलो. तिचा पिंड, माझी बायको, आणि ती उतरली त्याच्या शब्दाला.

परवा गणपतची सून माझ्याकडं आली. म्हणाली, आबा, तुम्ही सांगून बघा. मामंजींनी गोळ्या सोडल्यात. चालायला जात नाहीत. परवा जिना चढताना धाप लागली. काही बोललं की म्हणतात, वयनीनं एक दिवस चुकवली नव्हती, तिला कुठं वाचवलं गोळीनं?

मनात काय आलं सांगू? आलं, की गप्प बसलो तर हा पण जाईल, आणि मग गोळीचं विचारणारं कोणीच उरणार नाय. हे आलं मनात. नंतर उठलो.

कुंपणापाशी गेलो. “गणपत, गोळी घेतलीस काय?” जन्मात पहिल्यांदा मी विचारलं.

तो हसला. “सोड रे दादा. वयनी घेत होती ना रोज.”

“घेत नव्हती,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणाला होता, चालू ठेवा. मी तिला सांगितलं, बंद.”

“मला तर रोज सांगायची —”

“मी सांगायला लावलं.”

तो कुंपणाच्या जवळ आला. मग विचारलं, “का रे?”

“तू विचारायचास म्हणून.”

त्यानं कुंपणाची काठी धरली होती, ती सोडली. आत गेला आणि दार लावून घेतलं. आमच्याकडं दिवेलागणीला दार लावत नाय कोणी.

गोळी असती तर ती जगली असती का, छातीवर हात ठेवून कोण सांगणार? पण गोळी नव्हती, हे मी सांगतो. ती माझ्यामुळं नव्हती.

काल सकाळी गणपत माझ्या दारावरनं चालायला गेला. मान वळवली नाय. संध्याकाळी त्याच्या पडवीतनं सुनेला हाक ऐकू आली, “पाणी आण गो. गोळी घ्यायची हाय.” मोठ्यानं म्हणाला. मी ऐकावं म्हणून, की रोजची सवय म्हणून — मला नाय माहीत. इकडनं कोणी काय बोललं नाय. मग तांब्या दगडी पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी आत आलो. एकट्यापुरती भाकरी टाकली.