हलवता येईल असा कॉम्प्युटर

सुनेचा कॉम्प्युटर बंद पडला. तो माझ्या लेकानं घेतलेला. लेक अपघातात गेला, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्या कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढून ती बारामतीच्या एका इंजिनिअरला पाठवायची. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला बोर्डच जळलाय, आता नवीन जोडून घ्या.

तिच्यासोबत मीही बारामतीला निघाले. मला त्यातलं काही कळत नाही. परक्या माणसापुढं मी सहसा तोंड उघडत नाही. तरी गेले, कारण तिच्या बावडा गावच्या आत्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. हे मला शेजारणीनं सांगितलं. सून काही बोलली नव्हती. ती जाणार की राहणार, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि तेच विचारता येत नव्हतं. वाटेत बोलेल, असं वाटलं. आमच्या कळस गावापासून बारामतीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

प्रोसेसर कुठला घ्यायचा ते तिनं आधीच ठरवलं होतं. "सगळा हिशोब तो करतो, आई," तिनं मला हळूच समजावलं, "आणि मदरबोर्डवर तो बसवायचा. कुठलाही कुठल्याही बोर्डवर बसत नाही."

दुकानदारानं त्या प्रोसेसरला चालणारे दोन बोर्ड काचेवर ठेवले. एक ताटाएवढा, दुसरा बशीएवढा. मी वाकून बघायला लागले.

"मावशी, सोनं घेतानाबी कुणी एवढं बघत न्हाय," तो हसून म्हणाला. मी मागं सरकले.

मग तो सुनेला सांगू लागला. "मोठ्यावर पुढं यापेक्षा दमदार प्रोसेसर टाकता येईल, मेमरी वाढवता येईल. पण त्याचा डबा मोठा, एका जागी ठेवायचा. लहान्यात पुढं फार वाढवता येणार न्हाय, पण डबा पिशवीत मावतो. ताई, एका जागीच ऱ्हाणार, का हलवायला लागंल?"

जे मला विचारता येत नव्हतं, ते त्यानं सहज विचारलं.

सुनेनं बशीएवढ्या बोर्डवर बोट ठेवलं होतं. माझ्याकडं बघितलं आणि बोट काढून घेतलं.

"एका जागीच," ती म्हणाली. "मोठा द्या."

तिचं वय काय, माझं काय. माझ्यासाठी ती एका जागी बसायला तयार झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते काढून घेतलेलं बोट काही नजरेपुढून हलेना.

"हलवता येईल असा द्या," मी म्हणाले.

"काय म्हणालात, मावशी?"

आवाज नीट फुटला नव्हता. परत म्हणावं लागलं. "लहान द्या. हलवायला लागंल."

"आई, पुढं वाढवता येणार नाही त्यात," सून म्हणाली.

"नकाशे निघतील का?"

"ते निघतील."

"मग झालं."

जोडून होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. एकमेकींकडं बघितलं नाही.

परतीच्या गाडीत कॉम्प्युटरचा डबा तिच्या मांडीवर होता. बारामती मागं पडल्यावर ती म्हणाली, "आत्याचा फोन आला होता."

"ठाव हाय मला."

"रविवारी मुलाकडचे बघायला येतो म्हणतात. बावड्याला." तिनं मांडीवरचा डबा सावरला. "त्यांना बावड्याऐवजी आपल्याकडंच या म्हणू का?"

सासरच्या घरी बसून सुनेचं दुसरं लग्न कुणी ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे मनात आलं आणि गेलं.

"हितंच बोलव," मी म्हणाले.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीतला लेकाचा फोटो काढायला मी स्टूल लावलं. तिनं माझा हात धरला. "राहू द्या. त्यांनाही बघू द्या."

पाहुणे त्या फोटोखालीच बसले. बघायला आलेल्या मुलानं आत आल्यावर आधी फोटोला हात जोडले, मग मला.