विहिरीत पोहायला शिकलेले ग्रेडरसाहेब

समोर काहीही ठेवा, ग्रेडरसाहेब आधी ते दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "पाहू द्या, मंग सांगतो." पोळीचा तुकडा असो, कोथिंबिरीची काडी असो, नाहीतर माझ्या नव्या सदऱ्याची बाही असो. दिवाळीला मी तो सदरा घालून गेलो तर त्यांनी बाहीचा एक धागा ओढून काढला, उन्हात धरला आणि दोन धुण्यांत विटेल असं सांगितलं. तिसऱ्या धुण्यापर्यंत टिकला, एवढंच.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. धंद्यातली सवय घरी घेऊन जाणारा. ग्रेडरसाहेबांचा धंदा कापूस पाहण्याचा. पांढरकवड्याच्या सरकारी खरेदी केंद्रावर मी वजनकाट्यावर कारकून होतो आणि ते ग्रेडर. बैलगाडी आली की ते चाकावर पाय देऊन वर चढायचे, कापसात कोपरापर्यंत हात घालून तळाचा पुंजका काढायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे. पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी बोटांत केसांसारख्या सरळ तंतूंची एक बट उरायची. ती अंगठ्याच्या नखावर ठेवून ते गाडी पास की नापास ते सांगायचे.

त्या एका शब्दावर काय काय अवलंबून होतं ते आज सांगून खरं वाटणार नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव बसलेले, सरकारी खरेदी उशिरा सुरू व्हायची, आणि झाली की गाड्यांची रांग हैदराबादच्या हमरस्त्याला भिडायची. लोक दोन-दोन दिवस गाडीखाली झोपून काढायचे. एवढं करून साहेबांनी गाडी नापास केली, की शेतकऱ्याला रस्त्यापलीकडच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या खाजगी कारखान्यात, तिथला शेठ देईल त्या भावात कापूस घालावा लागे. म्हणून साहेबांची चिमूट ओढली जात असताना आजूबाजूची पंचवीस माणसं गप्प असायची. मी काट्यावरून पाहत असे. मला त्या शांततेचीच भीती वाटे.

आता मला चौकशीची खोड. घरच्यांनी त्यावरून नावं ठेवून झाली, खोड काही गेली नाही. माझ्या लक्षात आलं की भर थंडीतही हा माणूस सकाळी ड्यूटीवर येतो तेव्हा त्याचे केस ओले असतात आणि डोळे लाल. पिणारा म्हणावा तर वास नाही. पूजाअर्चेवाला म्हणावा तर ते बौद्ध, घरी बुद्धाची मूर्ती, एक फूल ठेवलं की झालं. मग हे रोज पहाटे डोकं कुठं भिजवून येतात? एका सकाळी मी त्यांच्या मागे गेलो. खोटं कशाला बोलू, चक्क लपतछपत गेलो.

गावाबाहेर एका कास्तकाराच्या मळ्यात मोठी दगडी विहीर होती. साहेब तिच्यात गोल गोल पोहत होते. पाण्यालगतच्या पायरीवर सरकीचा ढीग. एक फेरी झाली की ते हात वर करून एक सरकी पाण्यात टाकायचे. मी काठावरून डोकावलो तेव्हा त्यांच्याभोवती पन्नासेक सरक्या तरंगत होत्या.

मला पाहून ते दचकले नाहीत. "शंभर फेऱ्या झाल्या का दीड किलोमीटर होते," ते खालून म्हणाले. "दोरीनं मोजलं हाय मी. हात द्या."

वर आल्यावर डोकं पुसता पुसता त्यांनी सांगितलं ते मला तीनदा विचारावं लागलं. नागपूरकडे एका तलावावर स्पर्धा असते. आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग ओल्या अंगानं चाळीस किलोमीटर सायकल हाणायची, आणि वरून दहा किलोमीटर पळायचं. मध्ये थांबायचं नाही. ट्रायथलॉन म्हणतात. मी विचारलं, कायले? म्हणजे माणसानं का करावं असं? ते म्हणाले, पेपरात वाचलं तेव्हापासून हेच पाहायचं आहे की आपल्यात तेवढा धागा निघतो का. वय त्रेचाळीस होतं त्यांचं. दोन वर्षं झाली तयारी सुरू आहे, आणि या जानेवारीत उतरायचं ठरलं आहे.

मग विहिरीकडे पाहून ते हळूच म्हणाले, "आमच्या गावाले, बोरी अरबले असताना माह्या बापाले अशा विहिरीपासून लांब उभं राहा लागे. कोणी पाणी घातलं तर प्यायचं. मी अंदर पोहून राह्यलो. या कास्तकारानं एका शब्दानं हो म्हटलं."

मी त्या दिवसापासून त्यांचा माणूस झालो. त्यांनी नेमलं नव्हतं, मीच झालो. रविवारी ते काळ्या जाड सायकलवर मुकुटबनपर्यंत जाऊन यायचे आणि मी घड्याळ घेऊन नाक्यावर उभा. संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेनं पळायचे. ट्रकवाल्यांना सुरुवातीला वाटलं हा माणूस कुणापासून तरी पळून राह्यला. दोघातिघांनी गाडी थांबवून बसतो का म्हणून विचारलं. नंतर ओळख झाली आणि हॉर्न देऊन जायला लागले. साहेबांच्या केसात दिवसभराचा कापूस अडकलेला असायचा. पळताना तो उडत जायचा.

आणि मग मी शहाणपणा केला.

मला वाटलं, नागपूरला लोक विमानासारख्या हलक्या सायकली घेऊन येतील आणि आमचे साहेब हे लोखंड घेऊन जातील? मी परस्पर रस्ता ओलांडून जिनिंगवाल्या शेठकडे गेलो. शेठ माणूस वाईट नव्हता, हौशी होता. आठ दिवसांत त्यानं नागपूरहून बारीक चाकांची सायकल, हेल्मेट, पळायचे बूट आणि दोन पांढरे टी-शर्ट मागवले. टी-शर्टवर छातीवर आणि पाठीवर लाल अक्षरांत जिनिंगचं नाव. साहेबांनी बाही ओढून पाहिली, सायकलीवरून हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघेही इतके हरखलो, की त्या लाल अक्षरांचा अर्थ आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. कापसाच्या बाजारात जन्म गेलेली माणसं आम्ही! आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. साहेब पळून थेट केंद्रावर आले होते. अंगात तोच टी-शर्ट, वरून सदरा, बटणं उघडी. मुकुटबनकडची एक बाई गाडी घेऊन आली होती. नवरा नव्हता, शेत स्वतः करायची, बैलही स्वतः हाकत आणले होते. साहेब गाडीवर चढले, तळातून पुंजका काढला, ओढला, गालाला लावून पाहिला. मधल्या आठवड्यात पाऊस झाला होता. कापूस ओला होता. त्यांनी नापास म्हणून सांगितलं.

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. छातीकडे पाहत होती.

"हे नाव त्या फाटकावर हाय ना, साहेब?" ती म्हणाली. "मंग तुमी तिकडलेच."

आवाज चढवला नाही तिनं. कासरा ओढला आणि गाडी वळवून रस्त्यापलीकडे नेली. रांगेतल्या लोकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. साहेब गाडीवरून उतरले तिथेच उभे राहिले, चिमटीत तो ओला पुंजका तसाच.

कापूस खरोखरच ओला होता, हो! मी स्वतः हात लावून पाहिला. पण ते आता कोणाला पटणार होतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रांग ऐन भरात असताना, ग्रेडरसाहेब ती सायकल हातात धरून निघाले. बसले नाहीत. गाड्यांच्या मधून चालत चालत, हँडलला हेल्मेट अडकवलेलं, कॅरिअर नव्हतं म्हणून बुटांची आणि टी-शर्टची पिशवी खांद्यावर. रस्ता ओलांडला आणि सगळं शेठच्या फाटकात उभं करून आले. मी काटा सोडून मागे धावलो होतो. परतताना मी त्यांच्याशी भांडलो. दोन वर्षांची मेहनत आहे, स्पर्धा झाल्यावर द्या की परत, कोण पाहतं, असं बरंच बोललो. खरं तर मला माझीच चूक झाकायची होती.

ते थांबले. "भाऊ, सायकल दुसरी भेटन," ते म्हणाले. "लोकायचा या हातावर भरोसा नाही राह्यला, तर मी उद्या गाडीवर चढून करू काय?"

शेठनंही, सांगायला हवं, वाद घातला नाही. फक्त चहा पाजायचा बंद झाला.

स्पर्धेला आम्ही एसटीनं गेलो, टपावर काळी सायकल बांधून. तिथे कळलं, हेल्मेटशिवाय उतरू देणार नाहीत. आता आली का पंचाईत! पण पांढरकवड्यात मोटरसायकलवर हेल्मेट घालणारा मी एकटा प्राणी होतो, लोक त्यावरून हसायचे, आणि थंडी लागू नये म्हणून एसटीतही मी ते डोक्यावर ठेवून आलो होतो. तिथल्या पंचांनी ते आमचं भांड्याएवढं हेल्मेट फिरवून फिरवून पाहिलं आणि नियमात कुठे नको म्हटलेलं सापडलं नाही म्हणून सोडलं.

शिट्टी झाली. साठेक पिवळ्या टोप्या पाण्यात पडल्या आणि समोरच्या नारिंगी फुग्याकडे निघाल्या. एक टोपी मात्र हळूहळू डावीकडे सरकायला लागली. मी म्हटलं, कोण बापा हा येडा? मग डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं साहेब विहिरीत भिंत उजव्या हाताला ठेवून पोहले होते. सरळ जायची सवयच नव्हती! पहाऱ्यावरचा नाववाला वल्हं मारत मागे जायचा, ओरडून रस्त्यावर आणायचा, आणि दहा हात गेले की साहेब पुन्हा डावीकडे. एकदा तर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यापर्यंत पोचले. मी काठावर हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाहेर आले तेव्हा मागे फक्त दोघे उरले होते. ते जड हेल्मेट घालून, चेनकव्हर खडखडवत निघाले. सायकलीवरही मागचेच. पण पळायला लागले आणि मी माझी जागा सोडून रस्त्यावर आलो. सीझनभर दहा-दहा तास गाड्यांवर चढउतार करणारे पाय होते ते. हलक्या सायकलींची माणसं पोटऱ्या धरून बसली होती आणि अंगात साधी बनियन, तिच्यावर पिनांनी नंबर टोचलेला, असे आमचे साहेब एकसारखे येत होते. सतरा जणांना मागे टाकलं त्यांनी. मी मोजले.

शेवटच्या रेषेवर माइकवाला प्रत्येकाचं नाव आणि पाठीशी कोणती कंपनी ते सांगत होता. साहेबांच्या कागदावर ती जागा कोरी. त्यानं माइक पुढे केला आणि कसं वाटून राह्यलं म्हणून विचारलं. साहेबांना दम लागला होता.

"पाहू द्या," ते म्हणाले, "मंग सांगतो."

पदकाची फीत गळ्यात पडताच त्यांनी तिचा एक धागा ओढला आणि माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, नायलॉन हाय.

महिनाभरानं ती मुकुटबनची बाई पुन्हा आली. शेवटच्या वेचणीचा कापूस होता. साहेबांनी सायकल सगळ्यांदेखत चालत परत नेल्याची गोष्ट तिच्या गावापर्यंत पोचली होती. तिनं गाडीच्या तळातून स्वतःच पुंजका काढला आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग पास म्हणाले. साहेबांचा चेहरा नागपूरच्या त्या रेषेवरही इतका मोकळा नव्हता.

त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्यात. विहिरीच्या पायरीवर मूठभर सरकी राहिली होती, ती कास्तकारानं बरेच दिवस तशीच ठेवली. पुढच्या सीझनला नवा ग्रेडर आला, तरुण, ओल मोजायचं यंत्र घेऊन. माणूस चांगला होता. बाईची गाडी त्यानं यंत्र लावून दोन मिनिटांत पास केली. वजन झालं, पावती झाली, तरी बाई माझ्या काट्यापाशी घुटमळत राहिली. मग पदराच्या गाठीतून एक पुंजका काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा त्या साहेबाले पाठवा," ती म्हणाली. "त्याहीले पाहू द्या. मंग सांगा मले."

मी तिला समजावलं की पास झाला आहे, आता काय गरज. ती ऐकेना. शेवटी पुंजका पाकिटात घालून मी पोस्टानं पाठवला, आणि स्वतःलाच हसलो.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. बाई बाजाराला आली तेव्हा मी ते तिला काट्यापाशी उभं राहून वाचून दाखवलं. साहेबांनी लिहिलं होतं: "बाईचा कापूस पाहिला. धागा लांब हाय, ओल नाही. पास." खाली माझ्यासाठी दोन ओळी होत्या. तिथे मोठं धरण आहे, रोज सकाळी पोहतात, आणि अजून डावीकडेच जातात.

मी ते वाचून हसत होतो. बाई हसली नाही. म्हणाली, "ते पोहण्याचं राहू द्या, भाऊ. पहिली ओळ पुन्हा वाचा."