नबी मिस्त्रीला झटका लागत न्हाई

सिरसाळ्यात पाण्यातली मोटार जळाली की लोक नबी मिस्त्रीकडं धावायचे. तांब्याची बारीक तार गुंडाळायची म्हणजे दोन्ही डोळ्यांचं काम. अन् नेमकी त्याची उजवी पापणी ढिली पडली! मोटार वर काढताना साखळीचा हूक कपाळावर बसला, तेव्हापासून ती अर्ध्या बुबुळावर उतरलेली. चिकटपट्टीनं वर ताणून माणूस किती दिवस काढणार? वेढे चुकू लागले, गिऱ्हाईक तोंडावर बोलू लागलं.

अंबाजोगाईच्या एका खासगी दवाखान्यात वर्षाराणी मॅडम स्नायूंना हलका करंट द्यायच्या. त्या म्हणाल्या, "गुण येईलच असं नाही. दहा दिवस बघू. पापणी हलली तर पुढं, नाहीतर बंद."

नबीचे एसटीनं हेलपाटे सुरू झाले. भुवईखाली वायरची पट्टी चिकटवून मॅडम रोज मशीनचं बटण फिरवायच्या. "मुंग्या येतात का?"

"येतात की."

साफ खोटं! काही म्हणता काही होत नव्हतं. पण सांगायची लाज. बोटानं तार चाचपून करंट बघणारा गडी हा. नबीला झटका लागत न्हाई, अशी गावभर ख्याती. त्याला वाटलं, आपलंच कातडं मेलंय. एवढ्या शिकलेल्या बाईच्या मशीनला नाव कसं ठेवायचं?

दहाव्या दिवशी मॅडमनी कागदावर लिहिलं: मुंग्या जाणवतात, स्नायू हलत नाही, उपचार बंद.

"बंद? कावून?" नबीनं कागद पुढं ओढला.

"हा स्नायू आता साथ देईल असं वाटत नाही, नबीभाई."

रागाच्या भरात त्यानं पट्टी उपटली. वायर हातात आली, बोटं सवयीनं तिच्यावरून फिरली अन् पिनेपाशी थबकली. वरचं रबर शाबूत, आतली तार तुटलेली!

"मॅडम, करंट आलाच न्हाई हो!"

"मग मुंग्या येतात म्हणून रोज कोण सांगत होतं?" मॅडमही भडकल्या.

लोकांच्या मोटारीत करंट कुठं अडला ते जन्मभर शोधणारा हा बहाद्दर दहा दिवस स्वतःच्या डोळ्यावर मेलेली वायर लावून बसला होता. आपलंच थोबाड फोडून घ्यावं, असं त्याला झालं.

मॅडमनी दुसरी वायर आणून जोडली. बटण जरासंच फिरवलं.

"या अल्ला!" नबी स्टुलावरून उडाला.

"मुंग्या येतात का?"

"मुंग्या कुठल्या, मुंगळे हायत!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ते बंद खोडा, मॅडम. आज पहिला दिवस लिवा."