रक्त उतरवायचं पाणी

वेल्मा गॅटलिनचं बीपी म्हणजे हट्टाला पेटलेलं खेचर झालं होतं. एक गोळी झाली, दोन झाल्या, डॉक्टरांनी तिसरी लावली, तरी वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली यायला तयार नाही. बरं, बाई काही गोळी चुकवणारी नव्हे. पहाटे उठली की आधी गोळ्या, मग देवाचं नाव, मग बसची चावी.

अमेरिकेत, मिसिसिपीच्या डेल्टात, कापसाच्या शेतांमधल्या रस्त्यांवर तिने सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. ज्यांना तिने पहिलीत नेलं, त्यांची पोरं आता मागच्या बाकांवर दंगा करायची आणि आरशात तिचे डोळे दिसले की चिडीचूप व्हायची. पण बस चालवायची तर तब्येत ठीक असल्याचं दवाखान्याचं कार्ड लागतं. गेल्या वेळी ते तीनच महिन्यांचं मिळालं होतं. तेवढ्या मुदतीत आकडा एकशे चाळीसच्या आत आला नाही, तर बस बंद. नवरा गेल्यावर त्या बसनेच तिला रोज अंथरुणातून उठवलं होतं. बस गेली तर उरायचं काय, टीव्ही आणि खिडकी?

मग तिने करायचं काही बाकी ठेवलं का? डुकराचं मांस सोडलं. मिठाची बाटली शेजारणीला देऊन टाकली. चर्चच्या जेवणात सगळे तळलेल्या माशांवर ताव मारायचे आणि ही बिचारी उकडलेल्या शेंगा चिवडत बसायची. एवढं करून घरच्या यंत्रावर आकडा चढलेलाच. पिठाच्या गोळ्या देता की काय, असं ती डॉक्टरला तोंडावर म्हणाली. तोही वैतागला. बाई गोळ्या नीट घेत नसणार, असं त्याने कागदावर लिहून टाकलं. एवढी पथ्यं पाळणाऱ्या बाईवर हा आळ!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती दवाखान्यात अर्धा तास आधीच जाऊन बसली. तिने पिशवीतून बरणी काढली आणि काकडीच्या लोणच्याचं पाणी घटाघटा प्यायली. नर्स शरॉन्डा दारातून बघतच राहिली.

"मिस वेल्मा, हे काय पिताय?"

"औषध. व्हिनेगरने चढलेलं रक्त उतरतं. तुझ्या आजीला विचार."

"रोज पिता?"

"आकडा वाढला की पेला वाढवते."

"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी खाण्याचं विचारलं. हे काय खाणं आहे?"

शरॉन्डा तिच्याशेजारी टेकली. आवाज न चढवता तिने सांगितलं की यात व्हिनेगरबरोबर मीठही भरमसाट असतं. गोळ्या आकडा खाली ओढतात आणि हे पाणी तो वर चढवतं. गोळ्या चालू ठेवा, हे आजपासून बंद. मग तिने बीपी घेतलं. एकशे चौऱ्याहत्तर. कार्ड मिळालं नाही. सोमवारपासून बस दुसरं कुणी चालवणार होतं. महिन्याने पुन्हा या, आकडा उतरला तर बस परत मिळेल, असं शरॉन्डा दोनदा म्हणाली.

वेल्माचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"माझ्या आईलाही हेच होतं," ती म्हणाली. "अर्धांगाने गेली ती. शेवटी हात उचलेना, तेव्हा हे पाणी मीच पाजायचे, चमच्याने. तिला नको असायचं गं, तोंड फिरवायची. मी हनुवटी धरून पाजायचे."