तीनपर्यंत मोजलेली कुस्ती

ओसाकातल्या एका लहानशा कुस्ती कंपनीत दिगंबर चौगुलेला सहा वर्षं एकच काम होतं. हरायचं. वर्षाला दीडशे सामने, म्हणजे दीडशे वेळा पाठ टेकायची. पिवळा मुखवटा घालून तो रिंगणात यायचा, दोन-चार उड्या मारायचा, समोरच्याला दोनदा आपटू द्यायचा आणि मग छताच्या दिव्यांकडे बघत पडून राहायचा. पंच शेजारी गुडघे टेकून तळहात आपटत एक, दोन, तीन मोजायचा. झालं, घंटा. कंपनी मेक्सिकोच्या पद्धतीच्या कुस्त्या लावायची आणि मालक मोरिता-सानला स्वस्तातले मेक्सिकन हवे होते. दिगंबरचा रंग बघून त्यानं ठरवलं की चालेल. नाव ठेवलं एल बुर्रो. बुर्रो म्हणजे गाढव, हे दिगंबरला दोन वर्षांनी कळलं. तोवर त्या नावाची पोस्टरं अर्ध्या ओसाकात लागून गेली होती.

हा माणूस मुळात पन्हाळ्याखालच्या एका गावचा, कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला खरा पैलवान होता, हे ओसाकात सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. गुडघा दुखावला, खुराक झेपेना, तेव्हा एका कापड व्यापाऱ्याच्या ओळखीनं तो बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ओसाकाला आला आणि त्याच्या गोदामात गठ्ठे उचलायला लागला. तिथंच एकदा मोरितानं त्याला दोन माणसांचा गठ्ठा एकट्यानं डोक्यावर घेताना पाहिलं. गोदामाच्या दीडपट पगार देतो म्हणाला. निकाल आधी ठरलेला असतो हे ऐकून दिगंबर पहिल्यांदा नाही म्हणाला होता. नुरा कुस्ती म्हणतात तिला आपल्याकडे, आणि ती खेळणाऱ्याला गावात पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. पण गाव सहा हजार किलोमीटर लांब होतं. तो हो म्हणाला.

हरण्याची माणसाला सवय होते म्हणतात. दिगंबरला झाली नव्हती. त्यानं बायकोला, पद्मिनीला, एकदाही सामना बघायला येऊ दिलं नाही. ती जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात बाइतो, म्हणजे तासावारी काम करायची, सकाळी सहापासून भातावर लोणच्याची बोरं ठेवत उभी असायची. मुलगी कस्तुरी सात वर्षांची झाली होती. मराठीत विचारावं तर जपानीत उत्तर द्यायची. शाळेत 'माझे वडील' या विषयावर सगळ्यांनी लिहिलं तेव्हा तिनं लिहिलं, माझे वडील गोदामात काम करतात. गोदाम सुटून सहा वर्षं झाली होती. दिगंबरनं ती वही पाहिली, बाईंचा लाल शिक्का पाहिला आणि जागेवर ठेवून दिली.

अशात शहाण्णव सालच्या जानेवारीत मोरिता-साननं त्याला खोलीत बोलावलं.

मेक्सिकोहून एल काम्पानेरो नावाचा म्हातारा चॅम्पियन येणार होता. त्याच्या कमरेला तिकडचा मिडलवेट किताब होता, चाळीस वर्षं जुना पट्टा. मोरितानं सौदा केला होता की मार्चमध्ये म्हाताऱ्यानं हा पट्टा ओसाकात हरायचा आणि कंपनीच्या लाडक्या जपानी पैलवानानं तो जिंकायचा. पण त्या लाडक्याचं हाड मोडलं. एप्रिलच्या शेवटापर्यंत तो उभा राहणार नव्हता आणि म्हातारा तोवर थांबणार नव्हता. तेव्हा महिनाभर पट्टा सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

"दिगु-सान, तू जिंकायचं," मोरिता म्हणाला. "चार आठवडे चॅम्पियन. मग आमच्या पोराला देऊन टाकायचा."

चार आठवड्यांचा राजा, तोही गाढवाच्या मुखवट्यातला. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. दिगंबर मात्र सायकलवरून घरी येताना रडत आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात वर होणार होता आणि एवढं त्याला बास होतं.

"कस्तुरीला घिऊन ये," त्यानं पद्मिनीला सांगितलं. "पयल्या रांगेत बसवतो तुमास्नी."

"जिंकणार म्हणून आधीच कसं काय ठरतंय?" पद्मिनीनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या. मला काय करायचंय. येतो आम्ही."

आता मेक्सिकोवाल्यांची एक गंमत सांगायला हवी. त्यांचा निकाल ठरलेला असतो, पण किताबाच्या सामन्याचा थाट मात्र देवळातल्या पूजेसारखा सांभाळतात. तीन डावांतले दोन जिंकायचे. त्यांच्याकडून आलेला एक सुटातला माणूस रिंगणात उभा राहून कागद वाचतो. आणि वजन खरं लागतं. मिडलवेट म्हणजे सत्त्याऐंशी किलो, त्यावर छटाकभर चालत नाही, शिवाय वजन सगळ्यांसमोर होतं. दिगंबर होता शहाण्णव किलोचा. सगळं खोटं आणि काटा तेवढा खरा!

दोन महिने त्या माणसानं स्वतःचे हाल केले. भात सोडला, दूध सोडलं. पद्मिनी ताट वाढून समोर बसायची आणि तो उकडलेला कोबी चघळायचा. शेवटच्या आठवड्यात प्लास्टिकच्या पिशव्या अंगावर चढवून नदीकाठी धावायचा. "अहो, वाईच तरी खावा. खोट्या कुस्तीपायी खरं मराल," पद्मिनी म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. वजनाच्या दिवशी काटा शहाऐंशी पूर्णांक आठवर थांबला. म्हाताऱ्या काम्पानेरोनं त्याच्या खपाटीला गेलेल्या गालांकडे बघून पहिल्यांदाच मान झुकवली.

दोघांनी चार दिवस सराव केला. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण अंगाला अंगाची भाषा कळते. कुठली उडी, कुठली पकड, तिसऱ्या डावात दिगंबरनं कसं फेकायचं, सगळं दहा-दहा वेळा करून पाहिलं. दिगंबरनं दुभाष्याकरवी एक विनंती केली होती. शेवटची फेक त्याच्या गावची असावी, कमरेवरून टाकायची ढाक. म्हातारा कबूल झाला. फेकल्यानंतरचा भाग मात्र कुणी करून पाहिला नाही. पडलेल्या माणसावर आडवं होऊन तीन आकडे होईपर्यंत थांबायचं, यात सराव कसला?

आणि इथंच घात होता. सहा वर्षांत नऊशे वेळा दिगंबर त्या मोजणीच्या खाली होता. वर एकदाही नव्हता. त्याच्या अंगाला जिंकणं ठाऊक होतं ते फक्त लाल मातीतलं. आणि मातीत मोजायचं काही नसतं. पाठ लागली की कुस्ती संपली, त्याच क्षणी सोडून उठायचं. पडलेल्याला दाबून धरणं हलकटपणा. चौदा वर्षांचा असताना त्यानं एकदा चीत झालेल्या पोराला मस्तीत दोन श्वास जास्त दाबून धरलं होतं, तर वस्तादांनी तालमीच्या दारात उभा करून दोन्ही तळहातांवर वेताच्या छडीनं मारलं. आठ दिवस त्याला भाकरी मोडता आली नव्हती. पुन्हा कधी त्याच्या हातून ती चूक झाली नाही.

रविवारची दुपार होती. वॉर्डाची व्यायामशाळा, सातशे माणसं. पद्मिनी ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि कस्तुरी तिच्या शेजारी मान खाली घालून बसली होती, आपल्या वर्गातलं कुणी दिसू नये म्हणून. सुटातल्या माणसानं कागद वाचला. पट्टा टेबलावर मखमलीवर ठेवला होता. पहिला डाव ठरल्याप्रमाणे काम्पानेरोनं घेतला. दुसऱ्यात दिगंबरनं त्याचा पाय पिरगळून धरला आणि म्हाताऱ्यानं हार मानली. लोक सरसावून बसले. गाढवानं डाव जिंकलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. कस्तुरीनं मान वर केली. हे दिगंबरला मुखवट्याच्या भोकांतून दिसलं, आणि मला वाटतं, तिथंच त्याचं भान सुटलं.

तिसरा डाव. बारा मिनिटं झाली आणि त्यानं ढाक मारली. असली मारली की बघणाऱ्याचं पारणं फिटावं. म्हातारा त्याच्या कमरेवरून गरकन फिरला आणि दोन्ही खांद्यांवर आपटला. पंच झेपावला, तळहात आपटला. एक.

आणि दिगंबर उठला.

उठला, वाकून मॅटला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि दंड वर करून दोरीच्या कडेकडेनं धावायला लागला. फडात जिंकलेला पैलवान धावतो तसा, मुखवट्यात तोंडभर हसत. पंच ओरडत होता, "बुर्रो-सान! परत जा! परत!" त्याला ऐकू येत नव्हतं. लोकांना क्षणभर काही कळेना. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळी व्यायामशाळा हसायला लागली. दिगंबरला वाटलं, लोक आनंदले.

काम्पानेरो पडून होता. त्यानं वाट पाहिली हे खरं आहे. चांगली सहा-सात सेकंद तो पाठीवर तसाच राहिला. मग त्यानं मान वळवून टेबलावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, उठला, चालत दिगंबरच्या मागं गेला, त्याला कंबरेतून मागं ओढून गुंडाळला आणि त्याच्यावर बसला. पंचानं मोजलं. एक, दोन, तीन. ते त्याला मोजावंच लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत दिगंबर भिंतीला टेकून बसला होता. म्हातारा पट्टा खांद्यावर टाकून आला आणि दुभाष्याला म्हणाला, "याला सांग, मी द्यायला तयार होतो. बावीस वर्षं मी ज्याला सांगाल त्याला देत आलो. पण यानं मला सोडून दिलं. सोडून देणाऱ्याला कसा देऊ?" एवढं बोलून तो अंघोळीला गेला. मोरितानं दिगंबरच्या थोबाडीत मारली, दोनदा, सगळ्यांसमोर. दिगंबरनं हात उचलला नाही. त्याच संध्याकाळी मोरितानं टेबलाच्या खणाला कुलूप लावता लावता पुन्हा एकदा ते हसणं आठवून पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"दिगु-सान, कालचं ते कर. पुन्हा कर. रोज कर."

तर असं झालं. एल बुर्रोला आकडे मोजता येत नाहीत, एकला तीन समजून उठतो, जमिनीला नमस्कार करून पळत सुटतो आणि मागून पकडला जातो. वर्षभरात तो कंपनीतला सगळ्यांत आवडता माणूस झाला. लोक त्याच्यासाठी तिकिटं काढायचे. ढाक बसली की सातशे तोंडं एकदम ओरडायची, "एक!" आणि हसून लोळायची. ओसाकाच्या टीव्हीवर तो दोनदा आला. पगार वाढला. मातीला हात लावून कपाळाला लावायची ती त्याच्या वस्तादांची रीत, ती तो आठवड्यातून तीनदा लोकांना हसवायला विकत होता. हरण्याची सवय झाली नव्हती तशी याचीही झाली नाही.

आणि कस्तुरी? ती त्या रविवारी सगळ्यांबरोबर हसली होती. पद्मिनीनं तिला चिमटा काढला, तरी हसत राहिली. शाळेत आता ती सगळ्यांना सांगायची की बुर्रो माझे बाबा आहेत. पोरी तिच्याभोवती जमायच्या. इतकी वर्षं तिला डब्यातल्या वासावरून चिडवणाऱ्या त्याच पोरी. तिचे दिवस पालटले होते आणि ते बापामुळे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा जेवताना दिगंबरनं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. "आपल्याकडं तसंच असतंय, बाळ. पाठ लागली की संपलं. मोजत न्हाईत."

ती जपानीत म्हणाली, "का? तिकडच्या लोकांना तीनपर्यंत मोजता येत नाही?"

पद्मिनी म्हणाली, "गप जेव."

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये कस्तुरीचा नववा वाढदिवस होता. चार मैत्रिणी आल्या. केक खाऊन झाला आणि मग जे व्हायचं होतं तेच सुरू झालं. तातामीच्या चटईवरचं टेबल बाजूला सारलं गेलं. कस्तुरीनं कपाटातून पिवळा मुखवटा आणून बापाच्या हातात दिला. "बाबा, कर ना. मी काम्पानेरो होते." एक चष्मेवाली मुलगी पंच झाली. बाकीच्या भिंतीला टेकून बसल्या. पद्मिनी दारात उभी राहून म्हणाली, "अहो, नको म्हणा की." पण त्यानं मुखवटा चढवला.

त्यानं मुलीला कमरेवर घेतलं, फूल ठेवावं तसं अलगद फिरवून तातामीवर उतरवलं आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले. कस्तुरीला आधीच हसू फुटलं होतं. चष्मेवालीनं तळहात आपटला. "एक!" सगळ्या पोरी ओरडल्या आणि तो उठायची वाट बघू लागल्या.

तो उठला नाही.

"बाबा, आता उठायचं," कस्तुरी हसत म्हणाली. "बाबा, विसरलास."

त्याचे हात तिच्या खांद्यांवरून निघेनात. जोर नव्हता त्यांच्यात, पण निघेनात. चष्मेवालीनं गोंधळून इकडं-तिकडं पाहिलं आणि काय करावं न कळून दुसऱ्यांदा तळहात आपटला. "दोन." कस्तुरी हसायची थांबली. तिनं खांदा उचलायला बघितलं, तो उचलला गेला नाही. पिवळ्या मुखवट्याच्या भोकांतून तिला बापाचे डोळे दिसले आणि ती घाबरली. ती मराठीत म्हणाली, "बाबा, सोडा."

"तीन," चष्मेवाली पुटपुटली.

कस्तुरी तातामीवर पडल्यापडल्या रडायला लागली. पद्मिनी दारातून धावत आली आणि तिनं लेकीला ओढून पोटाशी घेतलं. बाकीच्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. चष्मेवालीनं टीव्हीवर पाहिलं होतं, मोजून झालं की पंचानं काय करायचं असतं. ती पुढं आली, गुडघ्यांवर बसलेल्या दिगंबरचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. त्यानं उचलू दिलं.