डॅन्यूबच्या काठावरच्या चपला

बायको हरवली तेव्हा मी बुडापेस्टच्या पिवळ्या ट्रामगाडीत चढलो होतो आणि ती खाली थांब्यावर उभी राहून डॅन्यूब नदीला नमस्कार करत होती. दरवाजे लागले, गाडी निघाली, आणि काचेतून मला तिची निळी शाल तेवढी दिसली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला पाठ दाखवल्याची ही पहिली वेळ, असं मी एरवी चारचौघांत सांगून हशा मिळवला असता. त्या घडीला मात्र मी बंद दारावर थापा मारत राहिलो. तिच्याजवळ फोन नव्हता, पैसे नव्हते, आणि आपल्या झाडीपट्टीच्या मराठी बोलीशिवाय दुसरी भाषा नव्हती.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. पाळीवर जाताना वाघ आडवा आला की मी सायकलची घंटी वाजवायचो आणि वाघ सभ्य माणसासारखा बाजूला व्हायचा, ही माझी गोष्ट आमच्या कॉलनीत लेकरांनाही पाठ आहे. वाघ खरा होता. घंटीबद्दल मी हट्ट धरणार नाही. देवाशी माझं नातं पेन्शनसारखं होतं: येते आहे न वेळेवर, मग कशाला विचारपूस करायची. पूजाअर्चा, उपासतापास हे खातं बायकोकडे. आमच्याकडच्या नदीकाठच्या देवळातल्या मार्कंड्याच्या महादेवावर तिचा असा भरवसा की मला कधीकधी त्याचा हेवा वाटायचा.

आमची पिंकी तिकडे नोकरीला आहे, तिने आम्हाला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तिने बजावलं, "बाबा, आईचा हात सोडू नका."

"अवं, ज्यानं ताडोबा डोळे मिटून पालथा घातला, त्याले तू गाव शिकवून राह्यली काय?"

"ताडोबात ट्राम नसते, बाबा."

"वाघ असते."

"वाघाचे दरवाजे आपोआप लागत नाई," पिंकी म्हणाली आणि गेली. माझीच पोरगी, तोंडाला लागून उपयोग नव्हता.

आता खरं म्हणजे काम सोपं होतं. पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि नदीच्या काठाने सरळ मागे यायचं. पण सरळ रस्त्याने जाईल तो मी कसला. मला आतल्या गल्लीतून जवळची वाट दिसली. जंगलात एक वाकडं झाड लक्षात ठेवलं की माणूस चुकत नाही. इथे मी खूण म्हणून एका इमारतीचा दगडी पहिलवान लक्षात ठेवला, खांद्यावर अख्खी गच्ची तोलून उभा होता बिचारा. पुढच्या वळणावर त्याचा भाऊ भेटला. त्याच्या पुढे चुलतभाऊ. त्या शहरात दर चौथ्या दारावर तसलाच पहिलवान, आणि पोस्ट ऑफिससुद्धा असं की आपल्याकडच्या एखाद्या राजाने पाहिलं असतं तर लाजून राज्य सोडलं असतं. एका उघड्या खिडकीतून सारंगीसारखं काही वाजत होतं. मी तिथून तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा वाजवणारी बाई थांबून माझ्याकडे पाहत होती.

पाऊण तासाने मी त्या थांब्यावर पोचलो. बायको नव्हती.

खिशातला फोन वाजला. पिंकीचं नाव. मी उचलला नाही. काय सांगणार होतो? तुझी आई हरवली म्हणून? आधी शोधतो, मग सांगतो, असं मनाशी म्हणालो. फोन पुन्हा पुन्हा वाजला, दर वेळी मी तो खिशात ढकलला. लोकांना दाखवायला बायकोचा फोटो शोधला, तर फोनमध्ये धानाच्या बांधीचे, रानडुकरांनी केलेल्या नासाडीचे, एका अस्वलाचे फोटो निघाले आणि बायकोचा एकच, आधार कार्डाचा. त्या फोटोवरून मी स्वतः तिला ओळखलं नसतं. तरी पाच-सात जणांना दाखवला. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही तरी सांत्वनाचं बोलला. त्याला वाटलं असावं, ती वारली.

मग माझं सगळं अवसान गळालं. वारं बोचरं होतं, नदी फुगून करडी वाहत होती, आणि कठड्याला धरून मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी पाहत नसताना हात जोडले. मार्कंड्याच्या महादेवाला म्हणालो, "देवा, आजवर मी लोकांले रस्ते सांगत आलो. आता मले समजून नाई राह्यलं. तूच ने." एवढंच. वीज चमकली नाही, आवाज आला नाही. फोन तेवढा पुन्हा वाजून थांबला. मी वाट निवडणं सोडलं आणि पाणी ज्या अंगाला जात होतं त्या अंगाला पाय टाकत गेलो.

दोनेकशे पावलं गेलो असेन. पाण्याच्या अगदी कडेला जोड्यांची रांग दिसली. माणसांचे बूट, बायकांचे टाचेचे जोडे, लेकरांचे बुटुकले, सगळे पाण्याकडे तोंड करून काढून ठेवलेले. माझ्या जिवात जीव आला. इतके जोडे म्हणजे इथे देऊळ असणार, देऊळ असेल तर बायको असणार. मी आपल्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो, आणि जवळून दिसलं की ते जोडे लोखंडाचे आहेत. काहींत सुकलेली फुलं, काहींत लहान लहान दगड. आणि त्या रांगेत, एका मोठ्या बुटाच्या आणि एका पोराच्या जोड्याच्या मधोमध, लोखंडाची नसलेली एक जोडी. मरून रंगाच्या चपला, अंगठ्याला काळ्या दोऱ्याने शिवलेल्या. मुलीने घेतलेले बूट चावतात म्हणून माझी बायको मोज्यांवर ह्याच चपला घालून फिरायची.

चपला इथे, आणि पुढे फक्त पाणी. गुडघे टेकून मी त्या चपला उचलल्या. आतून थंडगार होत्या.

"ठेवा त्या तिथीच," मागून आवाज आला. "आनि जोडे काढा न तुमचे. देवापाशी आलात."

मी वळलो. मागे दगडी ओटा होता, त्यावर ती बसली होती. शेजारी ऐंशीच्या घरातली एक गोरी म्हातारी. म्हातारीने आपला लोकरी मफलर काढून माझ्या बायकोच्या पायांना गुंडाळला होता आणि दोघी थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने चहा पीत होत्या.

"कुठी होती तू?" मी ओरडायला गेलो, पण रडल्यासारखं आलं.

"मी इथीच होती. तुमीच गेलात गाडीत बसून."

"अन् थांब्यावरून काऊन हलली?"

"हे पाहा, पिंकीचे बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मार्कंड्याच्या जत्रेत आपलं काय ठरलं असते? हरवलो त चपला काढल्या तिथी बसाचं. मानूस कुठीबी भटको, चपलापाशी येतेच. मले ह्या चपला दिसल्या, मी आपल्या काढून ठेवल्या, बसली. तुमी येनारच होते."

तिच्या बटव्यात पिंकीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. म्हातारीने ती पाहून कधीचाच फोन लावला होता. पिंकी अर्ध्या तासापासून मला हेच सांगायला फोन करत होती, आई सापडली, नदीकाठी आहे, तुम्ही या. मी नऊ वेळा उचलला नव्हता.

पिंकी धापा टाकत आली. आईला मिठी मारली, माझ्याकडे फक्त पाहिलं. मग म्हातारीशी तिकडच्या भाषेत बोलली. नंतर तिने आम्हाला सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ह्या काठावर माणसं आणून उभी केली होती, त्यांचा धर्म वेगळा म्हणून. आधी जोडे काढायला लावले, कारण जोड्यांना किंमत होती. मग गोळ्या घालून नदीत. त्यांच्या आठवणीसाठी हे लोखंडी जोडे. म्हातारीचे वडील त्यांतले. ती तेव्हा पाळण्यात होती. ती अधूनमधून येते, त्यांच्या आठवणीचा एक दगड ठेवते, बसते.

आमच्या हातून केवढी चूक झाली असं वाटून मी त्या चपला उचलायला धावलो. म्हातारीने माझा हात धरला आणि पिंकीकडे पाहून काही बोलली.

"काय म्हंते?" बायकोने विचारलं.

"त्या म्हणतात, राहू द्या थोडा वेळ. इथं काढलेल्या जोड्यांपाशी कोणी परत आलं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं."

मी बूट काढले. अनवाणी उभा राहिलो. म्हातारीने पर्समधून एक गुळगुळीत दगड काढून माझ्या बायकोच्या हातात दिला आणि तिने तो पोराच्या जोड्यात ठेवला, मार्कंड्याला बेल वाहते तसा, दोन्ही हातांनी.

परतल्यावर लोक मला बुडापेस्टबद्दल विचारतात. मी त्यांना बसएवढे मासे आणि सोन्याचे घुमट सांगतो, त्यांचंही मन राखावं लागतं. ही गोष्ट मी चौकात सांगत नाही. तो चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. एवढं कळतं की मी काठावर उभा राहून देवाला हाक मारत होतो आणि त्याच वेळी माझ्या खिशात तो वाजत होता, आणि मी माझ्या अक्कलहुशारीने तो बंद करत होतो. माझ्या बायकोने काहीच शोधलं नाही. ती भरवशाने बसली आणि तिच्यापाशी चहा आला, मफलर आला, शेवटी मीही आलो.

त्या माउलीचं नाव विचारायचं राहून गेलं. दर सोमवारी महादेवाच्या देवळात बायको एक बेलाचं पान बाजूला काढते आणि म्हणते, "हे त्या बाईच्या बापाले." मी ते पान हातात घेतो आणि पिंडीपुढे तिच्या मागे उभा राहतो, माझी पाळी येईपर्यंत.